वाटा

जनावर मारणाऱ्याचं पाप मोठं, की ते शिजवून खाणाऱ्याचं? आमच्याकडे हा प्रश्न कुणी पोथी उघडून विचारत नसे. चुलीपाशी, खळ्यावर, कधी देवळाच्या पायरीवर तो निघायचा आणि उत्तर न मिळताच विझायचा. मला तो हाताला रक्त लागल्यावर नीट कळला.

१९६८ चा जानेवारी. महिनाभर आधीच कोयनेचा भूकंप झाला होता, जिकडेतिकडे तीच बोलणी. आपला जिल्हा तेव्हा कुलाबा, आणि निडीला रेल्वेचं स्टेशन नव्हतं. भात झोडून झालेलं, शेतात वाल उभा. आमच्या भागात वाल म्हणजे दुसरं पीक. पावसाळ्यानंतर जमिनीत जी ओल राहते तिच्यावरच तो येतो, वेगळं पाणी मागत नाही. पण रानडुकरांचा कळप शिरला तर एका रात्रीत शेत नांगरल्यासारखं उलटंपालटं. आम्ही माळ्यावर बसायचो, शेकोटी पेटवायचो, पत्र्याचे डबे बडवायचो. डुकरं दोन रात्री घाबरायची, तिसऱ्या रात्री डब्यांना ओळखायची.

शेवटी पारध ठरली. वडिलांकडे पीक राखण्यासाठी परवाना असलेली ठासणीची बंदूक होती. त्यांची नजर अधू झालेली, म्हणून बंदूक माझ्या हातात आली. मी एकोणीस वर्षांचा. माग काढायला कातकरवाडीतले एक म्हातारे बाबा होते. मऊ मातीतली खुरं पाहून ते सांगायचे, नर की मादी, एकटा की कळपात. मला डोंगराच्या वाटेवर बसवताना म्हणाले, "घाई करू नको पोरा. आडवा होईल तेव्हाच बार टाक. आणि लागला नि पळाला, तर त्याला सोडून घरी जायचं नाय."

हाके झाले, कुत्री ओरडली, करवंदीतून एक मोठा एकुलता नर बाहेर आला. मी बार टाकला. तो पडला नाही, पळाला. पुढचे दोन तास आम्ही रक्ताचे थेंब शोधत होतो, कधी पानावर, कधी दगडावर. बाबा पुढे, मी मागे. दुपारी तो एका जाळीत निपचित सापडला. सगळ्यांनी ओरडा केला, माझ्या पाठीवर थापा पडल्या. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. पण त्या दोन तासांत जे मनात चाललं होतं ते त्या आनंदापेक्षा जास्त टिकलं. मारणं क्षणाचं असतं. मारल्यानंतर त्या जिवामागे चालत जाणं, हे काम.

मग ओढ्याकाठी आणला. पेंढ्याच्या जाळावर केस भाजले, कोयत्याने खरवडले, पाणी मारून अंग पांढरं केलं. पोट फाडताना बाबांनी माझा हात धरला. पित्ताची पिशवी फुटली तर सगळं मांस कडू होतं, म्हणून सुरी आतून बाहेर, धार वर ठेवून चालवायची. पोटात अजून ऊब होती. काळीज निखाऱ्यावर भाजून, मीठ लावून, तिथेच एकेक तुकडा सगळ्यांनी खाल्ला.

खरी गोष्ट त्याच्यापुढची. पळसाच्या पानांवर वाटे मांडले. प्रत्येक वाट्यात थोडी चरबी, थोडं हाड, थोडं काळं मांस. हाके घालणाऱ्याला एक, माग काढणाऱ्याला एक, कुत्र्याच्या मालकाला एक, आणि गावात ज्या घरात कर्ता पुरुष नाही त्या घरालाही एक. बंदुकीचा मान म्हणून डोकं माझं, बाकी मलाही एकच वाटा. मग एकजण पाठ फिरवून उभा राहिला. दुसऱ्याने एका वाट्यावर काठी ठेवली आणि विचारलं, "हा कोणाचा?" त्याने न बघता नाव घेतलं. वाटे मांडणाऱ्याला कुठला वाटा कुणाकडे जाणार ते ठाऊक नसतं, म्हणून तो ते सारखेच मांडतो. न्यायाची याहून सोपी युक्ती मी पुढे कुठल्या कचेरीत पाहिली नाही.

पण तेही पुरतं सांगितलं पाहिजे. बाबांना वाटा सारखा मिळाला. पाणी मात्र त्यांच्या ओंजळीत वरून ओतलं गेलं. मांसापुरती समानता डोंगरात होती, तांब्यापर्यंत ती आली नाही.

घरी आई माळकरी. तिने मांसाच्या टोपलीला हात लावला नाही, पण चूल वेगळी मांडून दिली. मला विचारलं, "मादी नव्हती ना?"

"नाय आई, नर होता."

"वालासाठी मारलास, का मारायला मिळाला म्हणून?"

मी म्हटलं, "दोन्ही."

ती म्हणाली, "मग दोन्ही लक्षात ठेव."

महाभारताच्या वनपर्वात धर्मव्याधाची गोष्ट आहे. मिथिलेतला हा मांसविक्या, आणि तपाचा गर्व झालेला कौशिक ब्राह्मण त्याच्याकडे धर्म शिकायला येतो. व्याध सांगतो, मी स्वतः मारत नाही, दुसऱ्यांनी मारलेलं विकतो. आणि पुढे म्हणतो, शेतीला लोक चांगलं म्हणतात, पण नांगराखाली किती जीव मरतात! हे वाचलं तेव्हा मला आमचा वाल आठवला. माळ घातलेल्या माणसाच्या ताटातलं वालाचं बिरडंसुद्धा कुणीतरी राखलेलं असतं, आणि राखणं म्हणजे कुणाला तरी हाकलणं किंवा मारणं. खाणारा त्यातून सुटत नाही, मग तो मांस खावो वा न खावो.

पुढे १९७२ चा वन्यजीव कायदा आला, आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरची शिकारही बंद झाली. मुरुड-जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं राखीव रान, ते फणसाड, १९८६ पासून अभयारण्य आहे. हे चांगलंच झालं. नवाबाला वाल राखायचा नव्हता, हौस होती. आणि हौस करणाऱ्यांच्या हातात बंदुका वाढल्या असत्या तर आज माग काढायला खुरंच उरली नसती.

पण डुक्कर अजून वालात येतो. पिकाचं नुकसान केलं म्हणून त्याला मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते, आणि भरपाईसाठी अर्ज, पंचनामा, खेपा. माझं म्हणणं एवढंच, की न मारण्याचा निर्णय सगळ्या समाजाने घेतला, आणि तो योग्य घेतला, तर त्याची किंमतही सगळ्यांनी सारखी वाटून घ्यावी. आज ती एकट्या त्याच्या अंगावर पडते ज्याचं शेत डोंगराला लागून आहे. मुंबई-पनवेलला बिरडं खाणाऱ्याच्या पानावर तिचा तुकडाही पडत नाही.

जनावर मारलं तेव्हा आम्ही वाटे नीट केले. जनावर जगवतानाही ते तसेच, पाठ फिरवून, करायला हवेत.