हातचलाखी आणि खोटेपणा



संत जॉन बॉस्को किएरी गावात शिकत होते तेव्हाची गोष्ट. घरमालकाने पाहुण्यांसाठी कोंबडी शिजवली. झाकण उघडले, तर आतून जिवंत कोंबडा आरवत बाहेर! असे प्रकार वारंवार घडू लागले तसा घरमालक घाबरला. हे सैतानाचेच काम, अशी तक्रार कॅनन बुर्झिओ यांच्याकडे गेली. कॅननांनी जॉनला बोलावून जाब विचारला. उत्तर देण्याआधी जॉनने किती वाजले ते विचारले. कॅननांच्या खिशात घड्याळ नव्हते. मग त्याने एक नाणे मागितले. पैशांची पिशवीही गायब! कॅनन भडकले. तेव्हा जॉनने शांतपणे सांगितले, ‘गरिबाला दान देताना आपण पिशवी बाजूला ठेवलीत, मग घड्याळही ठेवलेत. मी दोन्ही उचलून या दिव्याच्या झाकणाखाली लपवली.’ कॅनन खूप हसले.

परवा एका माउलीने मला असेच हटकले. ‘फादर, जादूटोणा पाप आहे असे तुम्हीच शिकवता. मग मुलांपुढे हे काय?’ शाळेत असताना मला जादूच्या प्रयोगांचे वेड होते. सेमिनरीत ते मागे पडले, ते आता पुन्हा जडले आहे. (बोटे मात्र पूर्वीसारखी वळत नाहीत.) माउलीचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या भाषेत दोन्हींना ‘जादू’ हाच शब्द आहे.

संत ऑगस्टीन यांनी खोटे बोलण्यावर ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी थट्टेला खोटेपणातून वगळले. कारण बोलणाऱ्याच्या सुरावरूनच ती थट्टा आहे हे कळते. जादूगार तर आधीच सांगतो, ‘मी तुम्हांला फसवणार आहे.’ प्रेषितांच्या कृत्यांतल्या शिमोनाचा दोष निराळा. आपण कोणी मोठे आहोत असे तो मिरवत होता आणि पवित्र आत्म्याचे दान पैसे देऊन विकत घ्यायला निघाला. त्याचे वंशज आजही मंच गाजवतात, आणि ते सगळे परधर्मांतलेच आहेत असे समजू नये.

तरीही एक गोष्ट मला टोचते. ज्या हातांनी मी पवित्र भाकर उंचावतो, त्याच हातांनी नाणे गायब करावे काय? १८३५ साली झगा स्वीकारताना बॉस्को यांनी असले खेळ सोडण्याचा निश्चय केला होता. पुढे तुरीनमधल्या अनाथ, भटक्या मुलांसाठी त्यांनी ते पुन्हा हाती घेतले. मला वाटते, दोन्ही वेळा त्यांचे बरोबर होते. लहानपणी प्रयोग करताना आपल्याला टाळ्या हव्या असतात. मोठेपणी लक्ष समोरच्या चेहऱ्याकडे जाते.

म्हणून मी हे प्रयोग हॉलमध्येच करतो. चर्चमध्ये कधीच नाही, प्रवचनात तर नाहीच. आणि नाणे कुठे दडले होते ते मुलांना शेवटी दाखवतो. निम्मी मुले तेवढ्यात ‘फादर, नको ना सांगू!’ म्हणून डोळे मिटून घेतात.