खरूज कुणाची?

राहुरी तालुक्यात, मुळेच्या पाटपाण्यावर आमचं गाव. दिवाळी झाली की गावाबाहेरच्या पडीक रानात ऊसतोड्यांच्या कोप्या उभ्या राहायच्या. पाथर्डी, जामखेड आणि पलीकडच्या बीडकडची माणसं. आमच्या जिल्ह्यातलं निम्मं रान पाटाच्या पाण्यावर जगतं आणि निम्मी माणसं त्या पाण्यावरच्या उसात कोयता घेऊन उतरतात. मी सातवीत होतो, त्या साली आमच्या वस्तीपासून हाकेच्या अंतरावर जामखेडकडची एक टोळी उतरली.

आठ-दहा दिवसांत माझी धाकटी बहीण खाजवायला लागली. चार वर्षांची पोर. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती बारीक पुरळ. दिवसा जरा बरं असायचं. रात्री गोधडीत ऊब आली की खाज सुटायची, आणि तिच्या रडण्यानं सारं घर जागं व्हायचं. आजीनं मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. आईनं कडुनिंबाचा पाला उकळून अंघोळ घातली. चार दिवस दबल्यासारखं वाटलं, पुन्हा उठलं.

मग घरात एकच प्रश्न सुरू झाला : हे आलं कुठून? उत्तर शोधायला लांब जायला लागलं नाही. "कोप्यांवरच्या पोरांत खेळती, दुसरं काय व्हणार?" आजी म्हणाली, आणि सगळ्यांना पटलं. तिथं बहिणीच्याच वयाची एक मुलगी होती, दोघी पाचटात भातुकली मांडायच्या. खेळ बंद झाला. ती मुलगी बांधाशी येऊन उभी राहिली तर तिला हाकलायचं काम माझ्याकडं आलं. मी ते इमानानं केलं.

एके दिवशी तिची आई आमच्या विहिरीवर पाण्याला आली. बहिणीचे हात तिनं लांबूनच पाहिले. "बाई, ही खरूज हाय. आमच्या गावात दवापाण्याचं शिकलेली एक बाई हाय, ती सांगती, एकल्या लेकराला लावून जात न्हाई. समद्या घरानं एकाच राती लावाया पायजे." आई गप्प राहिली. ती गेल्यावर आजी म्हणाली, "आता ह्यांनी शिकवायचं व्हय आपल्याला?"

शेवटी वडील तालुक्याच्या गावी पोरीला घेऊन गेले. डॉक्टरांनी पांढऱ्या औषधाची मोठी बाटली दिली. पोरीसाठी पाणी मिसळून, मोठ्यांसाठी तसंच, मानेपासून पायाच्या बोटापर्यंत घरातल्या प्रत्येकानं लावा, असं बजावलं. वडिलांनी घरी येऊन निम्मंच सांगितलं : पोरीला लावा. पोर पंधरवडाभर शांत झोपली. मग पुन्हा बेचक्या लाल.

निम्मं का सांगितलं, ते घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं. आबा श्रावण सरल्यापासून खाजवत होते. "उष्णता झालीय," म्हणायचे. आबा म्हणजे माळकरी माणूस, घरातला शेवटचा शब्द. आणि बहीण रोज त्यांच्याच गोधडीत, गोष्ट ऐकत झोपायची. त्यांना 'खरूज' हा शब्द कोण ऐकवणार?

दरम्यान पौष आला आणि कोपीवरची ती मुलगीही खाजवताना दिसली. आम्हाला पुरावाच मिळाला. "बघा, म्हटलं नव्हतं?"

त्याच दिवसांतली एक रात्र. पोर थांबेना. आई उठली, कंदील मोठा केला, बाटली घेतली आणि आबांच्या अंथरुणाशी जाऊन उभी राहिली. त्यांच्यापुढं तिनं कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. म्हणाली, "मामंजी, तुमची धोतरं मीच धुते. मला दिसतं."

आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी बंडी काढली आणि मला म्हणाले, "पाठीला तू लाव." त्या रात्री आजीसकट आम्ही सगळे औषध चोळून बसलो, वासानं घर भरून गेलं. सकाळी कपडे उकळत्या पाण्यात टाकले, गोधड्या दिवसदिवस उन्हात घातल्या. आठवड्यानं पुन्हा सगळ्यांनी लावलं. पोर बरी झाली ती झालीच.

पुढं मी शिक्षक झालो. शाळेत आरोग्य तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी एकदा मुलांना खरूज समजावून सांगितली. डोळ्यांना जेमतेम दिसेल-न दिसेल असा किडा कातडीत बीळ करून अंडी घालतो. अंगावरून निघाला तर दोन-तीन दिवसांत मरतो. आणि पहिल्यांदा लागण झाली तर खाज सुटायला चार ते सहा आठवडे जातात. तोवर माणूस निरोगी दिसतो, पण दुसऱ्याला देऊ शकतो.

मी वर्गात उभ्या उभ्या हिशेब केला. टोळी येऊन आठ-दहा दिवस झाले होते तेव्हा बहीण खाजवायला लागली. म्हणजे कोप्या पडायच्या आधीच ती तिच्या अंगावर होती. आणि ती मुलगी खाजवायला लागली ती आमच्या पोरीशी खेळल्यावर दीड महिन्यानं. तिनं आम्हाला दिली नव्हती. आम्ही तिला दिली होती.

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली काम सुरू केलं. गावोगावच्या बायकांना, त्यांतल्या कितीतरी दलित, कितीतरी निरक्षर, त्यांनी आरोग्याचं शिक्षण दिलं. 1979 साली त्या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तेव्हा पेपरात नाव आलं. विहिरीवरच्या बाईनं सांगितलेली गावची बाई त्यांच्याच हाताखाली शिकलेली होती का, हे मी विचारलं नाही. सांगणारी कोण आहे एवढंच आम्ही पाहिलं, काय सांगते ते ऐकलंच नाही.

आजही आया माझ्याकडं पोरांचे हात दाखवतात. बऱ्याचजणींनी मेडिकलमधून कुठलीतरी ट्यूब आणलेली असते. स्टिरॉइडची असली तर चार दिवस लाली उतरते, मूळ दुखणं आत तसंच राहतं. मी म्हणतो, प्रत्येक पुरळ खरूज नसते, नायटा असेल, इसब असेल, डॉक्टरला दाखवा. पण खरूज निघाली तर 'कुणाकडून आली' हे विचारत बसू नका. 'घरात अजून कुणाकुणाला आहे' हे विचारा. पहिल्या प्रश्नानं कुणीतरी दोषी सापडतो. पोर बरं होतं ते दुसऱ्या प्रश्नानं, आणि तो विचारायला घरातच धाडस लागतं. आबांना ती वारीच्या गर्दीत लागली असेल, नाहीतर कुठं पाहुण्याच्या अंथरुणात. त्यात त्यांचा दोष नव्हता. लपवण्यात मात्र आम्हा सगळ्यांचा वाटा होता. आदर म्हणून जे आम्ही गिळलं, ते चार वर्षांच्या पोरीनं रात्र रात्र सोसलं.

पट्टा पडला तशी टोळी निघाली. त्याआधीच आईनं उरलेली बाटली, पायलीभर ज्वारी आणि बहिणीचा एक फ्रॉक माझ्याकडून कोपीवर पाठवला होता. औषध कसं लावायचं तेही सांग म्हणाली होती. त्या बाईला ते सांगायची गरज नव्हती. तिनं बाटली घेतली, ज्वारी घेतली आणि विचारलं, "तुमची पोर झोपती का आता?"

मी हो म्हणालो. आणखी काही बोलायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.