पाहुण्यांची रजई

माझं वय सत्तेचाळीस. त्यातला एक तृतीयांश भाग झोपेत गेला असं धरलं, तर माझ्या खात्यावर पंधरा वर्षं आठ महिने निद्रा जमा आहे. (बँकेतल्या दुपारच्या डुलक्या यात धरलेल्या नाहीत. त्या सेवाकाळात मोडतात.) एवढा काळ ज्या वस्तूखाली काढला, ती वस्तू मी उभ्या आयुष्यात एकदाही स्वतः निवडलेली नव्हती. लहानपणी आईने अंगावर टाकली ती गोधडी माझी, आणि लग्नात आहेर म्हणून आली ती सोलापुरी चादर माझी. पायजम्याची नाडीसुद्धा मी दोन दुकानं हिंडून घेतो. पण पांघरूण मात्र नशिबासारखं, वाट्याला आलं ते निमूटपणे गळ्यापर्यंत ओढून घेतलं.

म्हणून गेल्या डिसेंबरात सौ.ने "यंदा एक चांगली रजई घ्यायचीच" असं जाहीर केलं तेव्हा मी जरा चपापलो.

"चांगली म्हणजे कशी?"

"चांगली म्हणजे चांगली. चार पाहुणे आले तर बाहेर काढता येईल अशी."

जानेवारीत तिचे मावसभाऊ इंदूरहून येणार होते. इंदूरचा माणूस पांघरुणाच्या बाबतीत फार चिकित्सक असतो. तिकडे थंडी खरी पडते, त्यामुळे आमच्या पुण्याच्या थंडीकडे ते लोक थोरला भाऊ धाकट्याच्या गॅदरिंगकडे बघतो तसे बघतात.

गाद्यांच्या दुकानात गेलो. माझी समजूत होती की रजई म्हणजे रजई. दुकानदाराने तीन गठ्ठे समोर टाकले आणि म्हणाला, "साहेब, ही रजई, हा कम्फर्टर आणि हा डुव्हे." पंधरा मिनिटांनी मला फरक कळला तो असा: रजईचं कापड कापसासकट शिवून टाकलेलं असतं. कम्फर्टर फुलाफुलांचा असतो आणि तसाच पांघरायचा असतो. आणि डुव्हे हा पांढराशुभ्र, नुसता, बिचारा असतो. त्याला खोळ घातल्याशिवाय चारचौघांत आणायचं नसतं. उशीला अभ्रा तशी याला खोळ. फायदा असा की खोळ तेवढी धुवायची, आतल्याला वर्षानुवर्षं पाणी दाखवायचं नाही. डुव्हे हा शब्द मूळ फ्रेंच, त्याचा अर्थ पक्ष्याच्या अंगावरची मऊ लव. आमच्यासमोरच्या डुव्हेत पक्षी औषधालाही नव्हता. सगळा पॉलिस्टर होता.

"किती जीएसएम देऊ?" दुकानदाराने विचारलं. म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम भरण. एसीच्या खोलीला दोनशे, थंडीला चारशे असं त्याचं म्हणणं. हिशेब म्हटल्यावर माझा जीव जरा रमला. नव्वद बाय शंभर इंचांचा डुव्हे म्हणजे सुमारे ५.८ चौरस मीटर. दोनशेने गुणलं की भरण झालं १ किलो १६० ग्रॅम. खोळीच्या बाबतीत तो धागे मोजायला लागला. एका चौरस इंचात उभे आणि आडवे मिळून तीनशे धागे असले तर खोळ उत्तम. मग त्याने हजार धाग्यांची एक खोळ काढली. इथे मात्र मी सावध झालो. दोन-तीन पदर पिळून केलेला एकच धागा पदरापदराने मोजला की तीनशेचे हजार व्हायला वेळ लागत नाही. एकच ठेव दोन नावांवर दाखवून डिपॉझिटचं टार्गेट पुरं करण्याची ही विद्या आमच्या व्यवसायातही अगदीच अनोळखी नाही. तीनशेवालीच घेतली. चेन नको, बटणं हवीत एवढं मात्र मी अडून बसलो, कारण पहाटे तीन वाजता पायाच्या अंगठ्याला थंडगार चेन लागणं यासारखा वैराग्य आणणारा दुसरा अनुभव नाही.

"पण गरम आहे ना?" सौ.ने शेवटचा प्रश्न टाकला.

"एकदम गरम, वहिनी!"

हे मात्र धडधडीत खोटं. कुठलीच रजई गरम नसते. तिच्यात निखारा नसतो की वीज नसते. ऊब आपल्या अंगाची. रजई ती नुसती बाहेर जाऊ देत नाही. तंतूंच्या मध्ये हवा अडकून बसते, आणि जागची न हलणारी हवा उष्णता पुढे सरकवायच्या कामात अत्यंत आळशी असते. तिच्या या आळसावर आपण थंडी काढतो. थोडक्यात, रजई ही कर्ज देणारी बँक नव्हे, ती लॉकर आहे. आपलंच ठेवायचं, आपलंच काढायचं. कापूस दबला, हवा गेली, की लॉकर गळायला लागतो. म्हणून तर पूर्वी पिंजारी दारावर येत असे.

माझ्या आठवणीतली पहिली रजई अशाच एका पिंजाऱ्याने भरली. १९८५ साल असेल. अण्णांना (म्हणजे वडिलांना) त्या वर्षी बोनस बरा मिळाला होता. वाड्याच्या चौकात पिंजारी दिवसभर पिंजणाच्या तारेची टण्ण टण्ण करत बसला होता, आणि कापूस उडून संध्याकाळपर्यंत आम्ही सगळी पोरं म्हातारी झालो होतो. चार किलो कापूस, वरून लाल साटीन, आतून पिवळं अस्तर. दोन खोल्यांच्या आमच्या संसारात इतकी देखणी वस्तू दुसरी नव्हती. मी आनंदाने तिच्यावर उडी मारली आणि आईचा धपाटा खाल्ला. "पाहुण्यांची आहे ती!"

त्या रात्री रजई डांबराच्या गोळ्यांसकट ट्रंकेत गेली आणि आम्ही चौघं नेहमीच्या गोधड्यांत गेलो.

पुढे वर्षानुवर्षं हा नियम चालला. ट्रंक उघडायची ती पाहुण्यासाठी, आणि पाहुणा म्हणजे मुख्यतः जुन्नरकडची आत्या. भाऊबीजेला यायची आणि आठ दिवस राहायची. बाकी आमच्याकडे मुक्कामाला येणार कोण? आम्हीच दोन खोल्यांत कोयरीच्या नक्षीसारखे एकमेकांत बसवून झोपत असू.

एकदाच नियम मोडला. १९९४ च्या डिसेंबरात अण्णांना न्यूमोनिया झाला आणि डॉक्टर घरी येणार असं कळलं. त्या काळी डॉक्टर घरी येत, आणि ते आले की घर आवरण्यात रोग्याकडे दुर्लक्ष होई. आईने अण्णांच्या अंगावरच्या विटक्या गोधडीकडे पाहिलं, ट्रंक उघडली आणि लाल रजई त्यांच्यावर घातली. गोधडी काढायला वेळ नव्हता, म्हणून ती तशीच खाली. चुकांवर पांघरूण घालतात हे ऐकलं होतं. पांघरुणावर पांघरूण घातलेलं मी तेव्हा पाहिलं. डॉक्टरांनी नाडी पाहिली, छाती तपासली, इंजेक्शन दिलं आणि रजईकडे ढुंकूनही न पाहता ते निघून गेले.

ते जिना उतरताच अण्णा म्हणाले, "ही काढ. मला माझीच बरी." एकशे तीन ताप होता. आईने रजई काढली, घडी केली, ट्रंकेत ठेवली.

अण्णा त्या दुखण्यातून उठले आणि पुढे बरीच वर्षं जगले. २०११ साली ते गेले. नंतर घर आवरताना मी ट्रंक उघडली. तिचा मागचा कोपरा गंजून भोक पडलं होतं. लाल साटीन वरून ठीक दिसत होतं. उचलायला गेलो तर आतून कापूस नव्हे, एका उंदीरवंशाचा इतिहास बाहेर आला. निदान तीन पिढ्यांची बाळंतपणं त्या रजईत झाली असावीत. ज्या रजईला माझ्या बापाने तापातसुद्धा पाठ लावली नाही, तिचा उपभोग शेवटी ज्यांना घरात कोणी बोलावलं नव्हतं त्या पाहुण्यांनी घेतला.

तेव्हापासून या विषयावर माझी मतं फार जहाल होती. चांगलं ते पाहुण्याला आणि फाटकं ते घरच्यांना, हा कुठला न्याय? चांगले कप पाहुण्यांना, कान तुटलेले आपल्याला. नवा टॉवेल पाहुण्यांना, ज्यातून हवा खेळते तो आपल्याला. याला आपण संस्कृती म्हणतो आणि तैत्तिरीय उपनिषदाचा दाखला देतो. पण तिथल्या शिक्षावल्लीत देव मानायला सांगितलंय ते कुणाकुणाला? आधी आईला, मग वडिलांना, मग गुरूला आणि त्यानंतर अतिथीला. आमच्या घरांनी यादी खालून वाचायला सुरुवात केली आणि वरपर्यंत पोचायच्या आत माल संपला. कॉमर्सच्या माणसाला हे लगेच दिसतं: खर्चाची पहिली कलमं राहिली बाजूला, आणि सगळी तरतूद चौथ्या कलमावर!

तेव्हा दुकानातून परत येताना मी रिक्षातच सौ.ला बजावलं, "ही रजई ट्रंकेत जाणार नाही. आजपासून आई पांघरणार."

"मी कुठे नाही म्हणतेय?" सौ. म्हणाली. माझ्या भाषणाचा उत्तरार्ध त्यामुळे वाया गेला.

घरी आल्यावर खोळ घालायचा कार्यक्रम झाला. खोळ आधी उलटी करायची, आत हात घालून तिचे दोन कोपरे पकडायचे, त्याच मुठींनी डुव्हेचे दोन कोपरे धरायचे आणि सगळं झटकून सुलटं करायचं. आतल्या कोपऱ्यांवर बंद असतात, ते बांधायचे, नाही तर महिन्याभरात सगळं भरण पायाशी गोळा होतं. हे कागदावर सोपं आहे. मी प्रत्यक्षात कंबरेपर्यंत खोळीत शिरलो आणि सौ. बाहेरून "अहो, डावा! तुमचा डावा!" असं ओरडत राहिली. शेवटी डुव्हे आत आणि मी बाहेर अशी योग्य वाटणी झाली.

मी तो आईच्या पलंगावर नेऊन घातला. ती आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिने हात फिरवला, कापड छान आहे म्हणाली, आणि दोन मिनिटांनी तो बाजूला करून आपली गोधडी ओढून घेतली.

"का गं?"

"अरे, अंगावर काही घेतलंय असं वाटतच नाही. आणि पाहुणे यायचेत ना? ठेव त्यांना."

मग मात्र माझा संयम सुटला. मी उपनिषद काढलं, कान तुटलेले कप काढले, उंदीर काढले, आणि शेवटी अण्णांचा तापही काढला. "त्या दिवशीसुद्धा तू त्यांच्या अंगावरून रजई काढून घेतलीस!"

आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी कुठे काढत होते? मी म्हटलं, राहू द्या. तर म्हणाले, औषधाचा वास लागेल, ताईला चालायचं नाही. तिला तिच्या घरी दिरांच्या दारात सतरंजीवर निजायला लागायचं रे. वर्षातले आठ दिवस ती उबेत झोपायची. ती पाहुण्यांची रजई कसली? ताईचीच होती ती. तुम्हा पोरांना सांगितलं असतं तर तुम्ही तिच्यासमोर बोलून गेला असता, म्हणून पाहुण्यांची म्हणायचं."

आत्या २००४ साली गेली. त्यानंतर ट्रंक कोणी उघडलीच नव्हती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

माझी जहाल मतं त्यानंतर जरा भिजत घोंगडं पडल्यासारखी पडली आहेत. कारण बाकी सगळं खरंच आहे. कान तुटलेल्या कपात कुठलीही आत्या नव्हती, तो निव्वळ कंजूषपणा होता. आणि डॉक्टरांसाठी रजई काढली ती लाजेनेच. पण त्याच ट्रंकेत लाजेशेजारी दुसरंही काही ठेवलेलं होतं, आणि बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही एकाच रंगाचं दिसत होतं. अण्णांनी जर ती रजई तेव्हा अंगावर राहू दिली असती तर मला आज बरं वाटलं असतं का? वाटलं असतं. मला बरं वाटावं म्हणून त्यांनी ती घ्यायला हवी होती का? इथे माझा ताळेबंद जुळत नाही. बँकेत पैशाचा फरक राहिला तर आम्हाला घरी सोडत नाहीत. इथे मी रोज फरक ठेवूनच झोपतो.

प्रश्न राहिला आईच्या पांघरुणाचा. तिच्या गोधडीत चार लुगडी आणि अण्णांची दोन धोतरं आहेत. ती तिने २०११ च्या पावसाळ्यात शिवली. १ किलो १६० ग्रॅम पॉलिस्टर त्या वजनाची बरोबरी करणार नाही हे मला दुकानात कळायला हवं होतं. शेवटी सौ.ने तोडगा काढला. डुव्हे बाहेर काढला आणि त्या खोळीत आईची गोधडी घातली. मापात ती चार बोटं कमी पडली, म्हणून कोपऱ्यांना टाके घातले. आता वरून तीनशे धाग्यांची मऊ खोळ, धुता येते, टोचत नाही. आणि आत वजन जसंच्या तसं. आई त्या रात्री डोक्यावरून घेऊन झोपली. डुव्हेला सौ.च्या दोन जुन्या साड्यांची खोळ शिवली आणि तो इंदूरकरांसाठी कपाटात ठेवला. होय, ठेवला.

मी दिवा मालवायला गेलो तेव्हा खोळीच्या आतून आवाज आला.

"ऐक रे. पाहुणे आले की ही खोळ काढून घ्या हं त्यांना. मी धुऊन ठेवीन."