सोडायची खूण

मोडनिंबचा एक मुलगा बारामतीला विमान चालवायला शिकत होता. वडील हंगामात कारखान्याला ऊस ओढायचे, ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या. "चढ लागायच्या आधी गिअर बदल. चढावर बदलायला गेलास की गाडी मागं येते," हे त्यांचं नेहमीचं सांगणं. मुलगा ऐकून हसायचा. आपण थोडेच ट्रॅक्टर चालवणार!

मे महिन्यातली दुपार, पारा ४० वर. बारामतीची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर. पण उन्हात हवा इतकी विरळ होते, की विमान जणू दीड हजार मीटरवरूनच निघतं. पंखांना उचल कमी, इंजिनाला दम कमी. सकाळपेक्षा बरंच जास्त पळावं लागतं.

"सेसना कितीला उचलणार?" सरांनी विचारलं.

"५५ नॉटला."

"आणि उड्डाण सोडून कुठे देणार?"

मुलगा गप्प. पट्टी दीड किलोमीटरहून लांब, सोडायचं कशाला? (लांब पट्टी दिसली की शिकाऊ माणसाला चूक करायला जागा असल्यासारखं वाटतं.)

"आज पट्टी ८०० मीटरचीच समज. निम्म्यावर, ४०० ला, उचलायच्या वेगाच्या ७० टक्के, म्हणजे साधारण ४० नॉट लागले नाहीत, तर थ्रॉटल मागे. हे आत्ताच ठरव. पळायला लागल्यावर माणसाला फक्त उडायचंच सुचतं."

वाऱ्याकडे तोंड करून मुलाने थ्रॉटल पूर्ण दिला. नाक डावीकडे ओढू लागलं, त्याने पायाने रडरचं उजवं पेडल दाबलं. इंजिनाचा आवाज ठणठणीत. ४०० च्या खुणेपाशी वेगाचा काटा ३५ वर.

"अरे, पुढं केवढी पट्टी पडलीय!" मागे बसलेला मित्र म्हणाला.

मुलालाही तेच वाटलं. पण त्याने थ्रॉटल मागे ओढला.

पट्टीबाहेर येऊन थांबले, तर करपल्याचा वास. "पाय बघ," सर म्हणाले. बूट पेडलच्या वरच्या टोकापर्यंत चढलेले, आणि ब्रेक नेमके तिथेच. रडर देता देता तो ब्रेकही दाबत आला होता.

"म्हणजे विमान ठीकच होतं," मित्र पुटपुटला. "उगाच थांबलो."

"पळताना तुला ते माहीत होतं?" सरांनी विचारलं.

मेकॅनिकने ब्रेक तपासले. उन्हं कलल्यावर तिघं पुन्हा निघाले. मुलाने टाचा खाली टेकवल्या आणि कुणी विचारायच्या आधीच खूण सांगितली. या खेपेला काटा खुणेच्या बऱ्याच अलीकडे ४० च्या पुढे गेला.