चूल आणि झाकण

नाशिकच्या एका सोसायटीत पोहण्याचा तलाव होता. 15 मीटर लांब, 6 मीटर रुंद, लाखभर लिटर पाण्याचा. तलाव उघड्यावर होता. थंडीत पाणी कोमट राहावं म्हणून हीट पंप बसवलेला. त्यालाही 12 वर्षं झाली होती.

एका डिसेंबरात रात्रीचा पारा 10 अंशांखाली गेला. हीट पंप रात्रंदिवस घरघरत होता, विजेचं बिल फुगत होतं, तरी पहाटे पोहायला येणारे आजी-आजोबा पाण्यात पाय घालून परत फिरत.

सभा भरली. अध्यक्ष म्हणाले, "म्हातारा झालाय तो. भंगारात द्या आणि नवा आणा. आणायचाच तर मोठा आणा." खजिनदार म्हणाले, "जुनं ते सोनं. हल्लीच्या वस्तू टिकतात कुठं?" दोन तास वाद रंगला. हीट पंपापाशी जाऊन मात्र कुणी पाहिलं नाही.

तलाव सांभाळणारे मामा दाराशी उभे होते. ते म्हणाले, "साहेब, मला चार दिवस द्या."

मामांनी तलावाच्या पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवली. आतल्या आणि बाहेरच्या पाण्याला खुणा केल्या. दोन दिवसांनी पाहिलं, तर दोन्हीकडचं पाणी सारखंच उतरलेलं. मग पहाटे त्यांनी दोघांना तलावावर बोलावलं. पाण्यावरून वाफ उठत होती.

"तळ गळत नाही, साहेब. ऊब वरून चाललीय. उघड्या पातेल्यात डाळ शिजेना, म्हणून कुणी चूल बदलतं का?"

खजिनदार निवृत्त विज्ञान शिक्षक. ते ओशाळले. एक लिटर पाणी वाफ होऊन गेलं, की जाताना सुमारे 580 लिटर पाण्याची एक अंश ऊब घेऊन जातं, हे त्यांनी जन्मभर फळ्यावर लिहिलं होतं. तलावाकाठी आठवलं नव्हतं.

तलावाला प्लास्टिकचं आच्छादन आलं. ते रोज रात्री पसरायचं, पहाटे गुंडाळायचं. मामांनी हीट पंपाच्या जाळीत अडकलेली धूळ नि पालापाचोळा काढला, फिल्टर धुतला. आठवड्यात पाणी कोमट झालं, बिलही उतरलं.

खजिनदार खुशीत म्हणाले, "बघा, जुनं ते सोनं!"

मामा हसले. "सोनं नाही, साहेब. तांब्याची नळी आहे, पाण्याने झिजणारच. ती फुटेल तेव्हा मोह धरू नका."

तिसऱ्या हिवाळ्यात नळी फुटली. पाणी थेट कॉम्प्रेसरपर्यंत गेलं. मेकॅनिकने दुरुस्तीचा आकडा सांगितला, तो नव्या यंत्राच्या निम्म्याहून जास्त होता. या वेळी सभा दहा मिनिटांत आटोपली. खजिनदारांनीच नव्याचा ठराव मांडला. आणि तलाव आता रात्री झाकलेला असल्यामुळे, अध्यक्षांना हवा होता त्यापेक्षा बराच लहान हीट पंप पुरला.

तात्पर्य : जुनं म्हणून टाकू नये, जुनं म्हणून कवटाळूही नये. आधी ऊब कुठून जाते ते पाहावं, झाकण ठेवावं. चुलीचा विचार त्यानंतर.