त्या लाइकचं बिल भरतं कोण?

रडणं थांबव आणि नीट ऐक. गोड बोलणारे तुला गेल्या महिन्यात पुष्कळ भेटले, म्हणून मी गोड बोलणार नाही.

घरात लहान मूल, सासूबाईंचं गुडघ्याचं दुखणं, बाहेरची नोकरी जमत नाही, म्हणून घरबसल्या काम शोधलंस. त्याबद्दल मी तुला एक शब्दही बोलणार नाही. शिकलेल्या बाईनं स्वतःचा पैसा कमवायलाच हवा. माझा राग पुढच्यावर आहे.

अनोळखी नंबरवरून व्हॉट्सॲपवर निरोप आला. यूट्यूबचे व्हिडिओ लाइक करा, गूगल मॅपवर हॉटेलांना पाच तारे द्या. दीडशे रुपये खात्यात आलेही, आणि तिथंच तुझी अक्कल गहाण पडली. अकाउंटन्सीच्या पहिल्या तासाला मी काय शिकवलं होतं? एकीकडे रक्कम जमा झाली, तर दुसरीकडे ती कुणाच्या तरी नावे पडतेच. प्रथम श्रेणीत बी.कॉम. झालीस, तरी त्या लाइकचं बिल भरतं कोण, हे विचारावंसं वाटलं नाही? आणि कुणी हॉटेलवाला खरंच भरत असता, तरी जिथं तू कधी जेवली नाहीस तिथल्या जेवणाला पाच तारे देणं ही लबाडीच. म्हणजे काम खरं असतं, तरी ते करण्यासारखं नव्हतं. हे आधी कबूल कर, मग फसवणुकीचं बोलू.

पुढचं सगळं ठरल्याप्रमाणे झालं. टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये घेतलं, हजार भरले तर तेराशे दिले, मग पाच हजार, मग भिशीचे सगळे. ग्रुपमधले बाकीचे लोक मिळालेल्या रकमांचे फोटो टाकत होते. ते तुझ्यासारखे गरजू नव्हते गं, त्याच टोळीचे होते. ज्या संकेतस्थळावर तुझी शिल्लक वाढताना दिसायची, तिथला आकडा त्यांनीच टाइप केलेला होता. पैसे काढायला गेलीस तेव्हा 'खातं गोठलंय, आधी टॅक्स भरा' म्हणाले. शिल्लक तुझीच होती, तर त्यातून कापून का घेतला नाही? एवढा एक प्रश्न विचारला असतास, तर शेवटचा हप्ता तरी वाचला असता. आणि सुरुवातीला मिळालेले दीडशे? तेही बहुधा तुझ्यासारख्याच कुणाच्या तरी खात्यातून आले असणार.

इथपर्यंत तू फसलीस. फसणाऱ्याला मी फार बोलत नाही. पण त्यानंतर तू जे करायला निघालीस, त्यासाठी मी तुला सोडणार नाही. त्याच लोकांनी सांगितलं की तुमचं बचत खातं, एटीएम कार्ड आणि खात्याला जोडलेलं सिम आम्हाला वापरायला द्या, दर व्यवहारामागे कमिशन देऊ, तुमचं नुकसान भरून निघेल. आणि तू पासबुक शोधायला कपाट उघडलंस! अगं, त्या खात्यात दुसऱ्या कुणाच्या भिशीचे पैसे येणार होते. फसवणूक करून मालमत्ता लाटण्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 (4) मध्ये सात वर्षांपर्यंत कैद आहे. परराज्यातले पोलीस तपासाला येतात तेव्हा पहिल्यांदा खातेदाराचं दार वाजवतात, टोळीचं नाही. मग 'मला माहीत नव्हतं' हे सांगत फिरायचं, खातं गोठलेलं आणि मूल कडेवर. नुकसान भरून काढायला दुसऱ्याच्या घरात हात घालायचा नसतो, हे तुला मी सांगायला हवं?

तुझ्या जावेनं डेटा एंट्रीचं काम घेतलंय म्हणालीस. आधार कार्ड दिलं, ऑनलाइन करारावर सही केली, आता 'अचूकता कमी पडली' म्हणून वकिलाच्या नावानं नोटीस आली आहे आणि ती पैसे भरायला निघाली आहे. तिला म्हणावं, एक रुपया भरू नकोस. करार कायदा 1872, कलम 19 आणि कलम 74. फसवून घेतलेली संमती ज्याची, त्याला करार रद्द करता येतो. आणि करारात दंडाचा कितीही मोठा आकडा लिहिला, तरी न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देतं. हे तू परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत. ते ज्ञान काय उत्तरपत्रिकेतच ठेवून आलीस?

आता खऱ्या कामाचं. तू इचलकरंजीत राहतेस. सूत व्यापारी, यंत्रमागवाले, सायझिंगवाले, सगळ्यांना हिशेब ठेवावा लागतो. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांना जीएसटीआर-1 हे 11 तारखेपर्यंत आणि 3-बी हे 20 तारखेपर्यंत द्यावं लागतं. मध्ये 14 तारखेला 2-बी तयार होतं आणि खरेदीचं एकेक बिल त्याच्याशी ताडून पाहावं लागतं. त्या आठवड्यात सीएच्या ऑफिसात कुणाला मान वर करायला फुरसत नसते. बिलांची जुळवणी, बँकेच्या उताऱ्यावरून टॅलीत नोंदी, हे सगळं फाइल मेलवर घेऊन मूल झोपल्यावर घरून करता येतं. टॅली विसरली असशील तर पुन्हा शीक, जीएसटीचे बदललेले नियम वाच. मग चार सीएंच्या ऑफिसात स्वतः जाऊन 'एका महिन्याची जुळवणी करून दाखवते' असं सांग. पैसे सुरुवातीला थोडे मिळतील. दर आणि तारीख मेलवर लिहून घे. लाज त्या लाइकची वाटायला हवी होती, या कामाची नको.

शिकवणी, भाषांतर, मराठी टायपिंग हेही आहे, ज्याला जे येतं त्यानं ते करावं. परक्या ठिकाणचं काम आलं तर जीएसटी क्रमांक माग. पंधरा अक्षरं-आकडे, पहिले दोन राज्याचे, महाराष्ट्राचे 27, पुढचे दहा म्हणजे पॅन. तो क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर फुकट तपासता येतो. तो दुसऱ्याचा चोरलेलाही असू शकतो, म्हणून त्या कंपनीचा फोन नंबर स्वतः शोध आणि तिथं विचार. फ्रीलान्स कामं मिळवून देणारी मोठी संकेतस्थळं झालेल्या कामाच्या पैशातून हिस्सा कापतात, कुठं प्रस्ताव पाठवायलाही थोडे पैसे पडतात, ते चालतं. पण नोकरीसाठी अनामत, प्रशिक्षण फी, आधी भरा मग दुप्पट घ्या, असं कुणी म्हणालं की तिथंच फोन ठेवायचा.

नवरा रागावेल म्हणून तू इतके दिवस गप्प बसलीस. तक्रार जितकी लवकर पोचते, तितकी पुढं सरकलेली रक्कम बँकेत अडवता येण्याची शक्यता जास्त असते, आणि ते दिवस तू भीतीत घालवलेस. आता आणखी नको. फोन ठेवलास की लगेच 1930 ला लाव. ज्या खात्यांवर पैसे पाठवलेस त्यांचे तपशील, प्रत्येक व्यवहाराचा क्रमांक, टेलिग्रामवरचं संभाषण, काहीही पुसू नकोस. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदव, बँकेला लेखी कळव. नवऱ्याला आज रात्रीच सांग, मी बोलायला हवी असेन तर फोन त्याच्या हातात दे. आणि उद्या सकाळी तक्रारीचा क्रमांक मला पाठव, मी वाट पाहते आहे.