उसनी श्रद्धा

पतीचा धर्म तोच पत्नीचा, हें वचन श्रद्धेसही लागू करावें काय? नाशिकजवळील जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांचें चरित्र पाहतां तसें वाटत नाहीं. रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ सालीं ख्रिस्ती झाले; बाईंचा बाप्तिस्मा १९०० सालचा. मधलीं कांहीं वर्षें दोघें दूर होतीं, व पुन्हां एकत्र आल्यावरही बाईंचें सोंवळें कायम होतें. तें उपदेशानें सुटलें नाहीं. जातिभेद देवानें केला कीं माणसानें, हा प्रश्न त्यांनीं स्वतःशींच सोडविला, तेव्हां सुटलें. टिळकांसारखा वक्ता घरांत असतां बाई थांबल्या, आणि टिळकांनीं तें थांबणें सोसलें! हें सोसणें आम्हांस बाप्तिस्म्याहून कमी मोलाचें वाटत नाहीं. मिशनच्या अहवालांत त्यास रकाना कोठून असणार? टिळक १९१९ सालीं वारले. त्यांचें अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ पुढें पुरें केलें, तें याच बाईंनीं.